प्रॉपची कारकीर्द ट्रायमध्ये मोजू नका

संपादक महोदय,

जून २०२५ मध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाल्यापासून मराठी क्रीडापानांवर रग्बीला जागा मिळू लागली, याचा आनंद आहे. पण ती स्पर्धा सात जणांच्या रग्बीची. उत्तर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातली तेरा जणांची रग्बी लीग हा वेगळा खेळ आहे. दोन्हींना ट्रायची (चेंडू विरोधी गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेल्या गुणांची) एकच फूटपट्टी लावली की सर्वाधिक अन्याय होतो तो ८ आणि १० क्रमांकाच्या प्रॉप फॉरवर्डवर, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्या फळीला थेट भिडणाऱ्या धिप्पाड खेळाडूंवर.

जेम्स ग्रॅहमचे उदाहरण घ्या. सेंट हेलेन्स या इंग्लिश क्लबचा हा प्रॉप २००८ मध्ये ‘मॅन ऑफ स्टील’, म्हणजे सुपर लीग या तिथल्या सर्वोच्च स्पर्धेतला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, ठरला. २००७ ते २०११ अशा सुपर लीगच्या सलग पाच अंतिम लढती त्याने गमावल्या. पुढे ऑस्ट्रेलियातल्या एनआरएल या सर्वोच्च रग्बी लीग स्पर्धेत कँटरबरी क्लबकडून २०१२ आणि २०१४ च्या अंतिम लढतीही त्याने गमावल्या, आणि इंग्लंडकडून खेळलेली २०१७ च्या विश्वचषकाची अंतिम लढतही ०-६ अशी गेली. तरीही प्रत्येक संघाला तो हवाच होता. का, ते गुणफलकावर दिसत नाही.

चेंडू हाती आला की संघाला सहा टॅकल मिळतात, म्हणजे सहा वेळा पाडले जाईपर्यंत चेंडू त्याच्याकडे राहतो. पहिली एक-दोन धाव बहुधा प्रॉपचीच. समोरची फळी दहा मीटर मागे असते, त्यामुळे दोन्हीकडचे भरवेगात भिडतात आणि तिघे त्याला लोळवायला बघतात. इथे खरे कसब आहे ते पडण्यात. पाठीवर पडला तर वरचे तिघे सावकाश उठतात आणि तेवढ्यात त्यांची फळी उभी राहते. कोपर आणि गुडघ्यांवर पालथा पडला, तर तो झटक्यात उठून टाचेने चेंडू मागे देतो आणि मागे थांबलेल्या हूकरला, म्हणजे तो चेंडू उचलून खेळ पुढे नेणाऱ्याला, विस्कळीत फळी सापडते. ट्राय टोकाच्या विंगरच्या नावावर लागतो. त्याचे मूळ मात्र दोन टॅकल आधीच्या त्या पडण्यात असते.

या कामात दम लवकर संपतो. म्हणून प्रॉप साधारण वीस-पंचवीस मिनिटे खेळून बाहेर बसतो आणि पुन्हा उतरतो. एनआरएलमध्ये २००१ ला बारा बदलांची मर्यादा आली, २००८ ला दहा आणि २०१६ ला आठ झाले. बदल घटले तशी नुसत्या धिप्पाड देहाची किंमत घटली आणि दमसासाची वाढली. माझ्या मते हे योग्यच झाले.

धोका मात्र दमलेल्या मिनिटांतच असतो. उजव्या खांद्याने टॅकल करताना डोके धावणाऱ्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला आणि पुढचा पाय त्याच्या पायाजवळ रोवलेला हवा. पाय थकले की खेळाडू लांबूनच हात टाकतो, डोके पुढच्या बाजूला जाते आणि समोरच्याचा गुडघा थेट कानशिलावर बसतो. प्रॉपच्या कारकिर्दीत हे किती वेळा घडते, ते गुणफलकावर दिसत नाही. ग्रॅहम निवृत्तीनंतर मेंदूच्या दुखापतींबद्दल उघडपणे बोलतो आहे, ते ऐकण्यासारखे आहे. एनआरएलने २०२३ पासून अशा दुखापतीनंतर सर्वसाधारणपणे किमान ११ दिवसांची सक्तीची विश्रांती ठेवली आहे.

म्हणून दोन विनंत्या. रग्बी लीगच्या बातमीत ट्रायसोबत प्रॉपने पळून काढलेले मीटर, केलेले टॅकल आणि खेळलेली मिनिटे छापा. आणि डोक्याला मार लागूनही मैदान न सोडणाऱ्याला ‘लढवय्या’ म्हणणे थांबवा.

आपल्याकडे जे प्रशिक्षक मुलांना टॅकल शिकवतात, त्यांनी सुरुवात दोघांनाही गुडघ्यांवर बसवून करावी, मग चालत, मग धावत. दोन्ही खांद्यांनी सारखाच सराव हवा. आणि तो सत्राच्या शेवटी, मुले दमलेली असताना, हळू गतीने पुन्हा एकदा तपासून पाहावा. डोके चुकीच्या बाजूला जाते का, ते तेव्हाच कळते.

– एक वाचक, ठाणे