तिकीट फुल, गोष्ट अर्धी

महोदय,

रविवारच्या पुरवणीत किशोरवयीन वाचकांसाठी म्हणून छापलेली कथा वाचली. मुलगी शिकायला गाव सोडते, आई धपाटे बांधून देते, वडील एसटीत बसवून डोळे पुसतात, गाडी फाट्यावर वळते. संपली कथा. लेखक नामवंत आहेत, भाषाही गोड आहे. पण वडिलांनी तिचं फुल तिकीट काढलं कसं? मार्च २०२३ पासून महामंडळाच्या गाड्यांत बायका-मुलींना अर्धं तिकीट आहे. लेखकमहाशय एसटीत शेवटचे कधी बसले होते, देव जाणे.

मी लातूरला ट्यूशन एरियात मुलींना खोल्या देते. कॉट बेसिसवर, दोन वेळच्या जेवणासह. दहावीचा निकाल लागला की बीड, परभणी, नांदेडकडच्या पोरी येतात. गाडी फाट्यावर वळली की त्यांची गोष्ट सुरू होते, साहेब. सुरुवातीला रात्री बाथरूमचा नळ उगाच वाहत राहतो. मी ओरडायला जाते, तर आत कुणीतरी फोनवर आईशी बोलत असते. रडणं बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडलेला. तीच पोरगी दिवाळीहून परत येते आणि म्हणते, "काकू, घरी करमलंच नाही." तिची कॉट धाकट्या भावाने घेतलेली असते. आणि डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा हुकल्यावर रिपीटर बॅचला थांबलेली मुलगी नव्या पोरींच्या पंगतीला बसत नाही, ताट खोलीत नेते.

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा मी बादल्या मोजून देत होते. शेवटी पोरींना घरी जा म्हणाले. एकीचं गावच टँकरवर होतं, ती बॅग भरून जिन्यात बसून राहिली. यावरची कथा निदान माझ्या तरी वाचनात नाही.

आपल्या लेखकांना निरोप फार आवडतो. साठीतल्या माणसाने आपलं सुटलेलं गाव आठवायचं आणि पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी घालायचं. तिला म्हणे चुलीचा धूर आठवतो! रात्री जेवताना मी पोरींना कथा वाचून दाखवली. एक म्हणाली, "काकू, मग ही पोचली का नाही?"

जाता जाता आणखी एक. त्याच पुरवणीत दोन क्लासच्या पानभर जाहिराती होत्या आणि दोन्हींत टॉपर म्हणून एकाच मुलीचा फोटो. छापण्याआधी कुणी बघतं की नाही? ती नेमकी कुठल्या क्लासची, हे त्यांचं त्यांनी ठरवावं. जेवायला माझ्याकडे होती.

– एक खोलीवाली काकू, लातूर