मंदार, वाचून झालं की फोन कर

मंदार,
फोनवर बोललं की आपलं भांडणच होतं म्हणून लिहिते. जमिनीचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय, फक्त सांगते की तो एजंट परत येऊन गेला. मोबाईलवर शूटिंग करत चपला घालूनच देवराईत शिरला.

पण राग त्याचा नाही आला. तू चिनूला म्हणालास ना, राईला राखणारा देव, राखणदार वगैरे काही नसतं, आजी उगाच घाबरवते, त्याचा आला. अरे, आहे की नाही मला तरी कुठे माहीत! पण मोठी आई चुलीला काटक्या कमी पडल्या तरी राईतली वाळकी फांदीसुद्धा उचलायची नाही, आणि आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी राई तेवढी राहिली. तिच्यामुळेच खालचा पऱ्या, म्हणजे ओढा, टिकतो आणि आपल्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं, वरच्या वाडीत टँकर कधी येतो ते बघ की. तुला शास्त्रच हवं तर माधव गाडगीळ आणि वर्तकांनी 1970च्या दशकात देवराया फिरून हेच लिहिलंय, श्रद्धेपोटी जंगलं राहिली म्हणून. झालं, दिलंच लेक्चर. सॉरी.

तू म्हणशील मग कासवं का कमी झाली. खरंय. कूर्मावताराला हात जोडायचे आणि वाळूतली अंडी उकरून न्यायची, दोन्ही आपलीच माणसं करायची, मामाला विचार. मग 2002 मध्ये वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रवाल्यांनी घरटी राखायला घेतली, गावचे लोक त्यात आले, आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला मुंबई-पुण्याची माणसं येतात. आणि 2023 ला आपल्या गुहागरला ट्रान्समीटर लावून सोडलेली कासवीण, बागेश्री! श्रीलंकेपर्यंत गेली तेव्हा चिनू रोज विचारायची, आजी, ती जेवली असेल का गं? हीपण गोष्टच ना रे. तिला कोणी राखणदाराची भीती घातली नव्हती.

तू सहावीत असताना राईतून गारंबीची शेंग आणलीस, रात्री झोप येईना म्हणून बॅटरी घेऊन एकटाच परत ठेवून आलास. बाबा मागून लपत लपत आले होते, तुला कधी कळू दिलं नाही. आल्यावर मला म्हणाले, पोरगा धीट आहे. आता एवढा हुद्दा झाला तुझा, ऑफिसमध्ये सगळे सर म्हणतात, ते असते तर अख्ख्या वाडीला सांगत फिरले असते.

फ्लॅटचे हप्ते मला कळतात. वरची काजूची बाग वीक हवी तर, मी सही देते, खरंच. राईला लागून आहे तेवढी नको. तिथे जेसीबी आला की कडेची झाडं पहिली जातात, राखणदार असो नसो.

परीक्षा झाली की चिनूला पाठव, मामा आणायला येईल. कोकम काढून ठेवलेत.

आणि त्या एजंटकडून टोकन घेतलं नाहीयेस ना? तेवढं फक्त सांग.

आई