उस्ताद, टाकीवर फडकं अंथरलंत त्याबद्दल

उस्ताद, सप्रेम नमस्कार.

अप्पांची जावा मोटारसायकल तुमच्या गॅरेजातून घ्यायला आले होते तेव्हा तुमचे पैसे दिले, "येते" म्हटलं आणि निघाले. बोलायचं होतं ते घशातच राहिलं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांच्या देखत. नाव छापू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. ज्यांना तुमचं काम माहीत आहे ते ओळखतीलच.

तुमच्याकडे येण्याआधी ही गाडी बऱ्याच हातांतून गेली. एका चकचकीत वर्कशॉपमधली पोरं उजव्या बाजूला किक शोधत बसली. जावाची किक डावीकडे असते आणि चालू झाल्यावर तोच दांडा गिअर टाकायला वापरतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, त्या पोरांचा तेव्हा जन्मही झाला नसेल. पण माहीत नाही तर विचारावं ना! ती पोरं हसली, आणि "भंगारात घाला मॅडम, सुटाल" म्हणाली.

दुसरीकडे धूर फार येतो म्हणून पेट्रोलमधलं ऑइल निम्मं करायला सांगितलं. जावासारख्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या पिस्टनला त्या ऑइलाशिवाय दुसरं वंगण नसतं, हे गाड्या दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाला मी सांगायचं? अप्पांनी ऐकलं नाही म्हणून पिस्टन वाचलं. आणखी एकाने इंजिनाच्या सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून हाणला, त्याच्या खुणा कायमच्या राहिल्या. वर मला म्हणाला, घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा, त्याला समजावून सांगतो. शेवटी "दुसरं इंजिन बसवून देतो" असं सुचवणाराही भेटला. पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात हवी, इंजिन किंवा चासीत मोठे बदल नकोत, असं केंद्राचे 2021 चे नियम सांगतात. पण नियम राहू दे. अप्पांची गाडी म्हणजे तिचं इंजिनच की.

तुम्ही पाना उचलायच्या आधी जे केलंत, ते मला सारखं आठवतं. फळीवरून धुतलेलं, घडी घातलेलं फ्लॅनेलचं फडकं काढलंत आणि टाकीवर पसरलंत. कडा गुडघ्याच्या रबरांखाली नीट खोचल्यात. त्या टाकीवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा आहेत. डाव्या बाजूची रेघ अप्पांच्या गुडघ्याने घासून घासून फिकी झाली आहे, मधे तर दिसतही नाही. आधीच्यांनी त्याच टाकीवर पाने ठेवले होते. एकाने चहाचा ग्लासही ठेवला होता. तुम्ही फिक्या रेघेवरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "ही पुन्हा रंगवू नका हो. हा रंग परत मिळायचा नाही." बस, एवढंच. मी तोंड फिरवून उभी राहिले. गाडी सुरू होईल की नाही हे तोवर तुम्हालाही माहीत नव्हतं, पण ती कुणाची तरी आहे हे तुम्हाला कळलं होतं.

नंतरचं काम मी फार लांबवत नाही, कारण ते तुम्ही रोजच करता. पण तुमची विचार करायची रीत लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही गिअर ऑइल काढून मापलंत. भरलं होतं त्यापेक्षा पुष्कळ कमी निघालं. गाडीखाली मात्र एक थेंब नाही. "मग गेलं कुठे?" हे तुम्ही मला विचारलंत, मलाच, आणि उत्तरासाठी थांबलात. मग समजावलंत: पिस्टन वर जाताना खालच्या पोकळीत ओढ तयार होते. त्या ओढीने कार्बोरेटरमधून पेट्रोल आत यायचं, पण क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचं, क्लचच्या बाजूचं सील कडक होऊन चिरलं असेल तर शेजारचं गिअर ऑइलही आत येतं आणि जळतं. म्हणून तो जळकट वास, म्हणून काळा ओला प्लग. पेट्रोलमधल्या ऑइलाचा त्यात काही संबंधच नव्हता. काढलेलं सील माझ्या तळहातावर ठेवलंत, तेव्हा त्याची कड नखाने तुकडे होऊन पडली. एवढ्याशा रबराच्या कडीपायी लोक इंजिन फेकायला निघाले होते!

क्रँकवरचं दात्यांचं चाक, स्प्रॉकेट, अडकलं तेव्हा तुमचा पोरगा हातोडी घेऊन आला आणि तुम्ही त्याचं मनगट धरलंत. क्रँक दाबून जोडलेला असतो, ठोका बसला की आउट होतो, म्हणजे सरळ फिरत नाही, हे त्याला न ओरडता सांगितलंत. चाक हळूहळू ओढून काढणारा पुलर लावलात, वाट पाहिलीत. त्या पोराला असं शिकवणारं माणूस मिळालंय, याचा मला हेवा वाटला. वागायला नीट असणं हा कामाचाच भाग आहे असं मानणारी माणसं अजून आहेत, हे बघून फार बरं वाटलं. गेले कित्येक महिने मला ती भेटत नव्हती.

आता तुमच्या गाडीची खबर. तुम्ही सांगितलंत तसं पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली ऑइल मापूनच घालते. थोडी चालवून झाल्यावर गिअर ऑइल काढून बघा म्हणाला होतात. अप्पांनी स्वतः पाट घेऊन बसून काढलं आणि मापलं. जेवढं घातलं होतं तेवढं निघालं. प्लग कोरडा, विटकरी. अप्पा दोनदा म्हणाले, उस्तादांना कळव.

क्रँक सीलचा एक जादा जोड मी मिळवला आहे. रविवारी घेऊन येते, तुमच्याकडेच ठेवा. अशीच कुणाची तरी गाडी दारात येईल तेव्हा त्यांना शोधत फिरायला नको.

आपली,
जावावाल्या अप्पांची मुलगी