पिवळीची अकरा पिल्लं

सोलापूर,
रविवार, रात्र

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तर मुद्दाम थांबवलं होतं, कारण आमच्या टाकीतली पिवळी मासोळी तोंडात अंडी धरून होती आणि ती मोकळी झाल्याशिवाय तुला लिहायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. काल रात्री साडेअकराला ती मोकळी झाली. दगडाच्या सांदीत शिरली, आ केला आणि एकेक करून पिल्लं बाहेर येऊ लागली. मोजून अकरा. जिऱ्याच्या दाण्याहून थोडी मोठी, पण डोळे, कल्ले, शेपटी सगळं जागच्या जागी. शेवटचं काही केल्या बाहेर येईना. तिने दोनदा जबडा हलवला तेव्हा कुठे आलं.

२४ दिवस त्या माशाने अन्नाचा कण घेतला नाही रे. पाण्यावर खाद्य पडलं की बाकीचे तुटून पडायचे आणि ही लांबून बघत राहायची. गळा फुगलेला, जबडा मधूनमधून चघळल्यासारखा हलणारा. ती आतली अंडी खालीवर करत असते, म्हणजे सगळ्यांना ताजं पाणी मिळतं. अंडी घालताना तर मी टाकीसमोर मांडी घालून बसलो होतो. ती सपाट दगडावर दोन-चार अंडी ठेवते आणि लगेच वळून तोंडात घेते. नराच्या पोटाखालच्या परावर अंड्यांसारखेच ठिपके असतात. ती त्यांना टोचायला जाते, त्याच वेळी तो वीर्य सोडतो आणि अंडी तिच्या तोंडातच फळतात. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यावर सिक्लिड कुळातले शेकडो जातींचे मासे अशीच पिल्लं वाढवतात. तिथले लोक खडकात राहणाऱ्या या माशांना ‘म्बुना’ म्हणतात. आमची पिवळी त्यांच्यातलीच, मूळची त्याच सरोवराकाठच्या न्खाता बेच्या बाजूची. दुकानात तिला ‘यलो लॅब’ म्हणतात.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. चिमीला हॉलमध्ये फिश टँक हवाय आणि दुकानदाराने ‘आफ्रिकन’ घ्या म्हणून सांगितलंय. जरूर घे. फक्त मासे आधी आणि पाणी नंतर असं करू नकोस. माझं तिथेच चुकलं होतं.

या माशांना जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी लागतं, पीएच (पाणी किती आंबट याचं माप; ७ च्या खाली आंबट) ८ च्या आसपास. आमच्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही म्हणून आई वर्षानुवर्षं कुरकुरते, पण तेच पाणी यांना मानवतं. तुझ्याकडे उलट. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, किंचित आंबट. डाळीला उत्तम, म्बुनाला वाईट. पण उपाय तुझ्या दारातच पडलाय. किनाऱ्यावरचे रिकामे शिंपले गोळा कर, गोड्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेव, पाणी रोज बदल, मग ठेचून जाळीच्या पिशवीत भर आणि फिल्टरमध्ये ठेव. त्यातला चुना हळूहळू पाण्यात उतरतो. प्रवाळाचे तुकडे मात्र उचलायचे नाहीत. वन्यजीव कायद्याने त्याला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी ते तिथेच राहायला हवेत.

टाकी चार फुटांची घे, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. साधारण २५० लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचाच भार अडीच क्विंटल. स्टँड मजबूत हवा. खाली थर्माकोल घाल, त्यावर टाकी. दगड आधी तळाशी बसव आणि वाळू मागाहून ओत. हे मासे रात्रंदिवस वाळू उकरतात. दगड वाळूवर ठेवलेस तर खालून पोकळ होऊन ढासळतील आणि काच जाईल. नदीतले काळे गोटे उत्तम. सांदी भरपूर ठेव, कारण प्रत्येक नर आपली सांद राखतो आणि दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. पळायला जागा नसेल तर दुबळा मासा मार खाऊन मरतो. गोल्डफिश, एंजल वगैरे यांच्यात सोडायचे नाहीत.

गणपतीपर्यंत टाकी भरून फिल्टर सुरू कर. मासे नाहीत तरी रोज चिमूटभर खाद्य टाकत जा. ते कुजून अमोनिया होतो आणि तो खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. याला चार ते सहा आठवडे जातात. घाई केलीस तर तोच अमोनिया माशांचे कल्ले जाळतो.

आणि खाणं. हे जरा नीट वाच. पहिल्या वर्षी माझ्याकडे सहा डेमासोनी होते, निळ्या-काळ्या पट्ट्यांचे, बोटाएवढे. एका दुकानात मला सांगितलं की लाल किडे द्या, रंग खुलतो. मी महिनाभर दिले. हे मासे खडकावरचं शेवाळ खरवडून जगणारे, त्यांची आतडी लांब. आधी एकाने खाणं सोडलं. मग शेपटीमागे पांढरा दोरा लोंबू लागला, मग पोट टम्म. पाच दिवसांत चार गेले. त्यांतला शेवटचा कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठभागाशी धापा टाकत होता आणि मला काहीच करता आलं नाही. ते अजून मनातून जात नाही. तेव्हापासून स्पिरुलिना नावाच्या शेवाळाचं खाद्य, उकडलेला मटार साल काढून, दिवसातून दोनदा थोडंथोडं. आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदल.

उन्हाळ्यात इथे पाणी ३१ अंशांवर जातं. तेव्हा झाकण काढून टेबलफॅनचा वारा पाण्यावर सोडतो, दोन-तीन अंश उतरतात. तुमच्याकडे वीज जाते त्याची जास्त काळजी. बॅटरीवर चालणारा एअर पंप आधी घेऊन ठेव.

मासे जास्त झाले तर मला कळव, पण खाडीत किंवा ओढ्यात सोडू नकोस. तिलापिया हाही आफ्रिकेतला सिक्लिडच. १९५२ साली भारतात आणला, आणि आता जिथे तिथे आहे. तुझ्या खाडीतली काळुंदर यांची चुलत बहीण, तिच्या घरात गर्दी नको.

अकराच्या अकरा पिल्लं तुझीच. एवढ्या लहानपणी नर-मादी ओळखू येत नाही, आणि तीन-चार माद्यांमागे एक नर बरा, म्हणून सगळी एकत्रच ने. दिवाळीपर्यंत इंचाच्या वर होतील. सध्या चुरलेलं खाद्य खातायत, आणि पिवळीने आज सकाळी पहिल्यांदा मटार खाल्ला.

पुढच्या आठवड्यात तुझा भाचा इकडे येतोय ना? त्याच्याबरोबर विहिरीच्या पाण्याची एक बाटली पाठव, मी पीएच मोजून कळवतो. काकूंना नमस्कार, चिमीला पिल्लांची गोष्ट वाचून दाखव.

तुझा,
मन्या