चंद्रिकेवरच्या तीन दिवसांकडेही लक्ष हवे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यात रेशीम शेती वाढत असल्याने तिच्याविषयी वर्तमानपत्रांत आता नियमित मजकूर येतो. त्यात तुतीची लागवड, अनुदान आणि जालन्याच्या बाजारातील कोषांचे भाव हेच विषय अधिक असतात. अळी धागा कसा काढते, याविषयी मात्र ‘ती तोंडातून लाळ सोडते आणि लाळ हवेत सुकते’ इतकाच समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे आणि त्याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते, म्हणून हे पत्र.

अळीच्या शरीरात दोन्ही बाजूंना एकेक लांब, नागमोडी रेशीमग्रंथी असते. तिच्या मागच्या भागात फायब्रॉइन हे प्रथिन तयार होते. मधल्या भागात ते साठते आणि त्यावर सेरिसिन या डिंकासारख्या चिकट प्रथिनाचे आवरण चढते. खालच्या ओठाजवळच्या सूक्ष्म छिद्रातून दोन्ही ग्रंथींचे तंतू जोडीने बाहेर येतात. हा द्रव आपोआप ओघळत नाही. अळी त्याचे टोक चंद्रिकेच्या, म्हणजे कोष विणण्यासाठी अळ्या ज्यावर सोडतात त्या जाळीदार चौकटीच्या, पट्टीला चिकटवते आणि डोके मागे घेऊन तो ओढते. या ताणामुळेच प्रथिनाचे रेणू एका दिशेने रचले जाऊन द्रवाचा मजबूत धागा बनतो. आधी विरळ जाळी, मग तिच्या आत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी डोक्याची हालचाल करीत थरावर थर, असे हे काम सुमारे तीन दिवस चालते. चांगल्या बायव्होल्टाइन (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या जातीच्या) कोषात एक हजार मीटरहून अधिक लांबीचा अखंड धागा असतो. एवढ्याशा जिवाचे हे कौशल्य पाहताना मन खरोखर भरून येते.

विणकाम सुरू होण्यापूर्वी अळी खाणे थांबवते, अंगाने पारदर्शक दिसू लागते आणि शरीरातील उरलेली विष्ठा व मूत्र टाकते, त्यामुळे संगोपनगृहातील दमटपणा नेमका याच वेळी वाढतो. हवा खेळती नसेल तर सेरिसिन नीट वाळत नाही, थर एकमेकांना घट्ट चिकटतात आणि पुढे गरम पाण्यात कोष उकलताना धागा वारंवार तुटतो. पावसाळ्यात हा धोका अधिक. चंद्रिकेवर अळ्यांची गर्दी झाल्यास डागाळलेले आणि दोन अळ्यांनी मिळून विणलेले जुळे कोष वाढतात, ज्यांना भाव कमी मिळतो. महिनाभर तुतीचा पाला वेळेवर घालणाऱ्या शेतकऱ्याचे नुकसान अशा रीतीने शेवटच्या टप्प्यात होते, हे मला फार खटकते.

तेव्हा आपल्या कृषी पुरवणीत पावसाळ्यापूर्वी या टप्प्यावर सचित्र लेख द्यावा, ही विनंती. त्यात तापमान 24 ते 25 अंश सेल्सिअस, आर्द्रता 60 ते 65 टक्के आणि मोकळी हवा यांचा उल्लेख असावा. काढणीची घाई करू नये, हेही त्यात ठळकपणे सांगावे. आतील कोवळा प्युपा (अळीचे पतंग होण्यापूर्वीचे रूप) फुटला तर चांगला विणलेला कोषही आतून डागाळतो.

आपला,
एक रेशीम उत्पादक वाचक