ब्लॉक रात्री उतरतो

महोदय,

ऑपरेशनच्या वेळी फेंटानिल, मॉर्फिन अशी अफूच्या कुळातली औषधं अजिबात न वापरता भूल देण्याची चर्चा हल्ली बरीच ऐकू येते. 'शुद्ध शाकाहारी'च्या चालीवर उद्या 'ओपिऑइडमुक्त' अशा पाट्या लागल्या तर नवल वाटणार नाही. मी रिकव्हरी आणि सर्जिकल वॉर्डात नोकरी केलेली निवृत्त परिचारिका आहे, म्हणून चार ओळी.

ही औषधं जितकी कमी लागतील तितकं बरंच. ओकाऱ्या, खाज, बद्धकोष्ठ, श्वास मंदावणं, सगळं कमी होतं. पण त्यांच्या जागी जे येतं तेही औषधच असतं. फ्रान्समधल्या एका चाचणीत (निष्कर्ष २०२१चे) रेमिफेंटानिल या फेंटानिलच्याच जातीच्या औषधाऐवजी डेक्समेडेटोमिडिन हे अफूच्या कुळाबाहेरचं गुंगीचं औषध दिलेल्या ५ जणांच्या हृदयाचे ठोके इतके मंदावले की चाचणी मध्येच थांबवावी लागली.

मला धास्ती वेगळीच वाटते. हाताच्या फ्रॅक्चरला सकाळी अकराला ब्लॉक देतात, म्हणजे अफूच्या कुळातल्या औषधांऐवजी हाताच्या नसाच बधिर करतात. संध्याकाळी पेशंट खुशीत चहा पितो, नातेवाईक निर्धास्त घरी जातात. रात्री अकरा-बाराला ब्लॉक उतरतो आणि ठणका एकदम सुरू होतो. तेव्हा वॉर्डात तीस खाटांना एक सिस्टर, आणि केसपेपरवर 'एसओएस', म्हणजे मागितलं तर द्या.

आपली माणसं मागत नाहीत. दहापैकी किती दुखतंय हे आजीबाईंना उमगत नसे, म्हणून मी विचारायची, "रुपयातले किती आणे दुखतंय?" "बारा आणे असंल. कापलंय म्हटल्यावर दुखायचंच की, बाई," असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करत. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस दुखतं म्हणून खोकत नाही, मग छातीत कफ साठतो, हे वेगळंच.

ब्लॉक उतरायच्या आधीच, आठ-नऊला, पॅरासिटामॉल ठरवून द्यावं. त्याने भागलं नाही तर मॉर्फिनचा लहानसा डोस द्यायला कशाला लाजायचं? अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४च्या दुरुस्तीने त्याचे परवाने सोपे झाले, तरी माझ्या पाहण्यातली कित्येक छोटी रुग्णालयं रजिस्टरच्या कटकटीपायी ते ठेवतच नाहीत.

नातेवाइकांनी भूलतज्ज्ञांना एवढंच विचारावं: ब्लॉक साधारण किती वाजता उतरेल, आणि तेव्हा काय देणार? उत्तर रात्रपाळीच्या सिस्टरसाठी केसपेपरवर लिहून घ्यावं, वेळेसकट.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा