एफिकेशस आणि इफेक्टिव्ह

कार्डिफ, वेल्स

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आईचं गुडघ्याचं दुखणं दोन ओळींत उरकलंत आणि 'एफिकेशस'वर पानभर लिहिलंत. निवृत्त झालात तरी मास्तर ते मास्तरच!

शब्दकोशात एफिकेशस आणि इफेक्टिव्ह दोन्हींपुढे 'परिणामकारक' छापलंय, मग दोन शब्द कशाला, असं विचारता. बोलताना एफिकेशस इथेही कुणी म्हणत नाही. फार्मसीच्या काउंटरवर मी तो वापरला, तर समोरची आजी नुसती बघत राहील. शब्द कागदोपत्रीच, तोही बहुतेक औषधोपचारापुरता. तुमच्यासारखा शिक्षक इफेक्टिव्ह असतो, एफिकेशस नाही. उच्चारताना जोर 'के'वर.

आमच्या कामात मात्र फरक काटेकोर पाळतात. पारखून घेतलेले रुग्ण, ठरल्या वेळी डोस, वर डॉक्टरांचं लक्ष, अशा चाचणीत गुण दिसला की औषध एफिकेशस. 2020 साली फायझरच्या कोविड लशीचा 95 टक्क्यांचा आकडा पेपरात आला होता, तो यातलाच. चाचणीत निम्म्यांना लस दिली, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. पुढे 170 जणांना कोविड झाला. 162 मिठाच्या पाण्यावाले, लसवाले फक्त 8. पण बाहेर माणसं डोस चुकवतात, त्यांना आधीचे चार आजार असतात. तिथे जो उपयोग होतो, त्यावरून इफेक्टिव्ह ठरतं.

तिसरा भाऊ एफिशियंट. याच कार्डिफमध्ये काम केलेले डॉ. आर्ची कॉक्रन यांनी 1972 च्या पुस्तकात धोशाच लावला होता: उपचाराचा उपयोग होतो हे आधी चाचणीने दाखवा, मग पैसा आणि माणूसबळ नीट वापरलं जातंय का ते बघा. यातलं दुसरं म्हणजे एफिशियंट.

खरं तर कोशकारांनी आपल्या आजीला विचारायला हवं होतं. काढा 'गुणकारी' आहे हे ती मान्य करायची, आणि लगेच म्हणायची, 'पण मला नाही बाई लागू पडला.' झाला की फरक!

तुमची रक्तदाबाची गोळीही एफिकेशस आहे, वाद नाही. पण बरं वाटतंय म्हणून तुम्ही ती मधूनमधून सोडता, असं आई फोनवर सांगत होती. ते आधी बंद करा. चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते डोस बदलतील.

तुमची,
मीना